हातभर ओढलेला दोर

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज शाळेत मी तिघांवर ओरडले. त्यांतल्या दोघांनी काहीच केलं नव्हतं. मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, इतका राग घेऊन वर्गावर येऊ नका, घरी काय ते लिहून काढा. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हा सल्ला. वाफ कोंडली की झाकण उडतं हे मीच मुलांना शिकवते. तर ठीक आहे, लिहिते.

शनिवारी नाट्यगृहात नव्या नाटकाची रंगीत तालीम होती. रंगमंचावर एक लाकडी होडी टांगलेली असते. वादळाच्या प्रवेशात ती झुलते आणि तिच्याखाली उभा राहून म्हातारा नावाडी बोलतो. नावाड्याचं काम करणाऱ्या नटाला सगळं नाट्यगृह काका म्हणतं. होडी झुलायला लागली, एका बाजूचा आधार गेला आणि ती तिरकी होऊन काकांवर आली. डोक्यावर आली असती तर आज मी वेगळंच लिहीत असते. मांडीवर आली. हाड दोन ठिकाणी मोडलं.

ही होडी टांगणारा माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. पडदे, दिवे, झुंबरं, त्या रंगमंचावर जे म्हणून वरून लोंबतं ते सगळं तोच टांगतो. आज व्यवस्थापकाने दारावर कागद चिकटवला: कर्मचाऱ्याने बांधलेली गाठ सुटल्यामुळे अपघात झाला, चौकशी होईपर्यंत त्याला कामावरून दूर केले आहे. चौकशी व्हायचीये आणि कारण आधीच सापडलंय. वा.

आणि धाकटा? घरी आला, खुर्चीत बसला, बूटसुद्धा काढले नाहीत. मी विचारलं, गाठ सुटली?

"माझ्याकडून झालं, ताई."

बस्स. पुढे तोंडाला कुलूप. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे तो. आई गेल्यापासून त्याला मी वाढवलाय. तो खोटं बोलताना डावा कान चोळतो. आज कान लाल होईपर्यंत चोळत होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

त्याला जेवताना धरलाच. म्हटलं, मला काही सांगू नकोस, फक्त आकडे दे. आकडे द्यायला त्याची हरकत नव्हती.

होडी नव्वद किलो. दोन दोर एका कडीत येतात आणि कडीला होडी. सरळ वरून टांगता येत नाही, कारण नेमका वर दिव्यांचा दांडा आहे. म्हणून एक दोर डाव्या भिंतीवरच्या कप्पीवरून, दुसरा उजव्या भिंतीवरच्या. कडीपासून दोन्ही कप्प्या चार-चार मीटर बाजूला. कडी कप्प्यांपेक्षा दोन मीटर खाली. "मी तशीच लावली होती," तो म्हणाला. हे सांगताना कानाला हात गेला नाही.

अकरावीतलं गणित आहे. टांगलेली वस्तू स्थिर आहे म्हणजे तिच्यावरच्या सगळ्या ओढींची बेरीज शून्य. दोन दोरांनी मिळून नव्वद किलोंचा भार वर उचलून धरायचा. पण तिरका दोर आपली सगळी ओढ वर उचलण्यात घालत नाही. थोडी वर, बाकीची आडवी; आणि ती आडवी ओढ समोरच्या दोराशी रस्सीखेच करण्यात फुकट जाते. मांडणी केली. एकेका दोरात ताण येतो साधारण शंभर किलोभार. दोर चारशेचा. गाठीपाशी दोर कच्चा होतो हे धरलं तरी अडीचशेला मरण नाही.

म्हणजे माझ्या भावाने टांगलेली होडी पडायलाच नको होती. हे मी त्याला सांगितलं. वाटलं, चेहरा उजळेल. तो ताट तसंच टाकून उठला. अन्न टाकून उठायची पद्धत आमच्या घरात नाही.

संध्याकाळी नाट्यगृहातली नेपथ्यकार बाई आली. तिशीची, मोठ्या चष्म्याची. होडी तिच्याच कल्पनेतली. धाकट्याची हत्यारांची पिशवी तिथे राहिली होती ती द्यायला आली होती. एवढं जड ओझं उचलून एवढ्या लांब. मी चहा केला. दोघं समोरासमोर बसली आणि एक अक्षर बोलली नाहीत. मी उगाच शाळेबद्दल बडबडत राहिले. तिचे डोळे सुजले होते. सर्दी झाली असावी. त्या इमारतीत धूळ फार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे, पण आज तिला काहीतरी आधार आहे.

शाळा सुटल्यावर टेप घेऊन नाट्यगृहात गेले. पहारेकरी ओळखीचा, धाकट्याचा डबा विसरला की मीच आणून देते. त्याने सोडलं. होडी एका कोपऱ्यात पालथी पडली होती, एक फळी फुटलेली. कडी तिला तशीच लटकलेली. एक दोर शाबूत, कडीतून सोडून घेतलेला. दुसरा...

सुटलेल्या गाठीचं टोक नीट असतं, जसं कापलं होतं तसं. हे टोक जुन्या ब्रशासारखं पिंजारलेलं होतं. आणि गाठ? गाठ कडीला जशीच्या तशी घट्ट. नखाने सोडवायला गेले तर नख तुटलं. गाठ सुटलीच नाही. गाठीला खेटून दोर तुटला. व्यवस्थापकाला डोळे आहेत. त्याने हे पाहिलं नसेल असं मला कुणी सांगू नये.

मग भिंतीपाशी गेले. दोर कप्पीवरून खाली येतो आणि भिंतीतल्या खुंटीला आवळतात. धाकटा नेहमी पांढऱ्या रंगाची खूण करतो. खूण खुंटीवर आली की वस्तू बरोबर उंचीवर. शाबूत दोर अजून खुंटीला आवळलेला होता, पण खूण खुंटीच्या पलीकडे. टेप लावली. चव्वेचाळीस सेंटीमीटर. हातभर.

म्हणजे धाकट्याने लावल्यानंतर कुणीतरी दोर हातभर ओढला. दोन्ही बाजूंनी ओढला असणार, नाहीतर होडी मधे राहिली नसती.

तिथेच जमिनीवर बसून हिशेब केला. दोर हातभर आखूड झाला की कडी दीड मीटर वर जाते. कप्प्यांपासून खाली फक्त अर्धा मीटर उरतो. दोर जवळजवळ आडवे. आणि ताण? तीनशे त्रेसष्ट. शंभराचे तीनशे त्रेसष्ट, होडीत एक खिळासुद्धा न वाढवता. ती जागच्या जागी स्थिर असती तरी धोका होता. वादळाच्या प्रवेशात तिला झुलवायची होती.

कुणीतरी हातभर दोर ओढला, काकांचा पाय मोडला आणि खापर माझ्या भावावर. आता हा माणूस मला हवा आहे.

धाकट्याला सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "सोड ना, ताई."

सोडू? मी त्याला जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

काकांना भेटायला इस्पितळात गेले. पायाला वजन टांगून ठेवलंय, कप्पीवरून. मी नजर जाईल तिकडे दोरच पाहते हल्ली. कोन बरोबर होता.

मी ओशाळून बसले होते. काकू माझ्याशी धड बोलल्या नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. काका मात्र हसले. मी म्हटलं, माझ्या भावाने हे केलेलं नाही, ज्याने केलं त्याला मी शोधून काढणार आहे. त्यांनी मला हातानेच थांबवलं.

"कुणी मोडला ते नंतर बघू. कशाने मोडला ते आधी सांग. मला परत त्याच जागी उभं राहायचंय."

मी पांघरुणाच्या चादरीवर बोटाने आकृती काढून समजावलं. ते ऐकत राहिले. म्हणाले, "म्हणजे मी खाली उभा होतो आणि वर ताणाताणी चालली होती, आणि कुणाला ठाऊकच नाही." मला वाटतं, ठाऊक असलेला एक माणूस आहे.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर नेपथ्यकार बसली होती. काकू म्हणाल्या, ही रोज येते, आत येत नाही, बाहेर बसते आणि जाते. चला, त्या इमारतीत एका तरी माणसाला लाज आहे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर ती इतकी दचकली की हातातली पाण्याची बाटली पडली. अपघातानंतर असं होतं. आमच्या शाळेत प्रयोगशाळेत आग लागली होती तेव्हा माझंही झालं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दिग्दर्शकाला गाठलं. खास माणूस आहे. गळ्यात रुमाल, आवाज इतका हळू की आपण पुढे वाकावं. मी वाकले नाही. मी विचारलं, होडी वर घ्यायला कुणी सांगितलं?

म्हणाले, तांत्रिक गोष्टींत ते पडत नाहीत.

म्हटलं, काकांच्या अंगावर पडली ती तांत्रिक गोष्टच होती. तेव्हा थोडे हलले. मग म्हणाले, बाल्कनीतून दोर दिसत होते. होडी तरंगायला हवी, लोंबायला नको, एवढं ते तालमीत सगळ्यांसमोर म्हणाले होते. "दोर दिसतात, एवढंच म्हणालो मी. पुन्हा पुन्हा म्हणालो, हे खरं."

झालं. कबुलीच ही. उंटावरून शेळ्या हाकणारी ही माणसं. स्वतः खुंटीला हात लावायचा नाही, पण दुसरा लावेपर्यंत टोचत राहायचं. किंवा लावलाही असेल. तसाच वाटतो.

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. प्रयोग एक मार्चलाच होणार. होडी पुन्हा टांगणार. त्याच उंचीला, त्याच बंडलातला नवा दोर. गाठ मात्र या वेळी दुप्पट. कारण दोष गाठीचा होता ना. काकांच्या जागी दुसरा नट उभा राहणार.

मी ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबली इतकी ओरडले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घरात वादळ. सकाळी धाकट्याला सांगितलं, तुझ्या मौनव्रतामुळे आता दुसरा माणूस मरणार आहे. त्याच उंचीला टांगतायत.

तो पांढराफटक पडला. म्हणाला, "तिला माहीत आहे?"

म्हटलं, कुणाला?

उत्तर न देता निघून गेला, पायात एक चप्पल स्वतःची आणि एक माझी. दुपारी परत आला तेव्हाही तशाच होत्या. कुठे गेला होतास, तर म्हणे चालायला.

संध्याकाळी नेपथ्यकार आली. या वेळी हातात काही नव्हतं. धाकटा आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. तिने विचारलं, जाड दोर घेतला तर चालेल का. म्हटलं, जाड दोर थोडा जास्त सोसेल, पण तू आणखी आडवा करत गेलीस तर कुठलाच पुरणार नाही. पूर्ण आडवा दोर तर जगात कुणीच ताणू शकत नाही. मधे काडी टांगली तरी तो थोडा झुकणारच. तिने हे दोनदा विचारून घेतलं. हुशार आहे तशी, फक्त पाया कच्चा.

मग म्हणाली, "समजा, कुणी न कळत ओढला असेल तर? म्हणजे नुसतं बघायला, कसं दिसतं ते?"

"न कळत?" मी म्हटलं. "ज्याला कळत नाही त्याने हात लावू नये. अशा माणसाला मी रंगमंचाच्या आसपाससुद्धा फिरकू देणार नाही. माणूस मेला असता."

ती हो म्हणाली. स्वतःचा कप उचलून विसळून ठेवला. नीटनेटकी मुलगी आहे. गेल्यावर धाकटा बाहेर आला आणि माझ्याकडे असा पाहत राहिला की मीच विचारलं, काय झालं? म्हणाला, काही नाही. माझी बाजू घेणाऱ्या एकुलत्या एका माणसाशी मी बरं बोलले, तर त्याचाही याला त्रास.

नाट्यगृहाच्या विश्वस्तांनी मंगळवारी बैठक बोलावली आहे. मी येणार असं कळवलंय. विचारलं नाही, कळवलंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

क्रमाने लिहिते.

प्रयोगशाळेतून दोन स्प्रिंगचे काटे, पाच किलोंपर्यंत मोजणारे, बारीक, कच्ची सुतळी आणि एक किलोचं वजन नेलं. बैठकीला तीन विश्वस्त, व्यवस्थापक, दिग्दर्शक, नेपथ्यकार, धाकटा. आधी पिंजारलेलं टोक आणि कडीसकट काढून आणलेली घट्ट गाठ टेबलावर ठेवली. व्यवस्थापक घसा साफ करू लागला. म्हटलं, तुमच्याकडे मागाहून येते.

मग सुतळीच्या मधोमध वजन बांधलं, दोन्ही टोकांना काटे. एक काटा व्यवस्थापकाच्या हातात दिला, दुसरा दिग्दर्शकांच्या. टेबलाच्या दोन बाजूंना उभं केलं आणि सांगितलं, हात जवळ आणा. काटे अर्ध्या-अर्ध्या किलोवर. आता मागे सरका. काटे चढले. एक किलो. दीड. विश्वस्त पुढे झुकून बघू लागले. सुतळीवरचं वजन तेच होतं, एक किलो. म्हटलं, आता सुतळी अगदी सरळ करा. बाल्कनीतून दिसायला नको.

दिग्दर्शकांनी ओढली. व्यवस्थापकाने ओढली. काटे चारवर गेले, साडेचारवर. दिग्दर्शकांचा चेहरा त्यांच्या रुमालासारखा लाल झाला. वजन अजूनही खाली झुकलेलंच. आणखी एक हिसका दिला आणि सुतळी गाठीपाशी तुटली. वजन टेबलाच्या काचेवर पडलं. काचेला तडा गेला.

मला तो क्षण गोड वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला.

मग मी हातभर सरकलेली खूण, दीड मीटर आणि तीनशे त्रेसष्ट सांगितलं. आणि दिग्दर्शकांकडे बोट करून विचारलं, दोर वर कुणी ओढला?

दिग्दर्शक म्हणाले, त्यांनी नाही. मी म्हटलं, खोटं.

"मी ओढला."

नेपथ्यकार उभी होती. चष्मा काढून हातात धरला होता. म्हणाली, तालमीआधी धाकटा चहाला खाली गेला होता तेव्हा तिने दोन्ही दोर ओढून घेतले. जोर लावावा लागला, शेवटी तर खुंटीला वेढा देऊन उभा दोर मधेच आडवा ओढायचा आणि सैल झालेला आवळायचा, असं पुन्हा पुन्हा करावं लागलं, तरी काही वाटलं नाही. बाल्कनीत जाऊन पाहिलं तर होडी खरंच तरंगत होती. धाकटा परत आला आणि चिडला. दोर इतके आडवे ठेवायचे नसतात, उतरवतो म्हणाला. ती म्हणाली, एवढी आजची तालीम होऊ दे, सरांना एकदा दिसू दे. त्याने होऊ दिली.

"तो म्हणाला, मी सांगतो माझ्या हातून झालं. मी म्हटलं नको. पण मी गप्पही राहिले." नंतर विश्वस्तांकडे वळून म्हणाली, "त्या उंचीला होडी टांगू नका."

मी धाकट्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत होता. मी त्याला जन्मापासून पाहते आहे, आणि असं कुणाकडे बघताना पाहिलेलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सर्दी! सर्दी झाली असावी, असं मी लिहिलंय. इथेच, स्वतःच्या हाताने.

नेपथ्यकाराला काढून टाकलं. धाकट्याला कामावर परत बोलावलं, ताकीद देऊन. होडी आधीसारखी कप्प्यांपासून दोन मीटर खाली टांगणार, दोर दिसले तर दिसले. व्यवस्थापकाने दारावरचा कागद काढला; नवा लावला नाही. दिग्दर्शकांना कुणी काही म्हटलं नाही. पुन्हा पुन्हा टोचणाऱ्या जिभेचा ताण मोजायचा काटा अजून निघाला नाही.

काल रागाने झोप लागली नाही आणि आज सकाळी धाकट्याला सगळं ऐकवलं. माझ्या घरात, माझ्या हातचा चहा पिऊन, माझ्याच तोंडून गणित शिकून घेत होती. आणि तू? दुसरा माणूस त्याच होडीखाली उभा राहणार हे कळल्यावरही गप्प राहिलास?

तो म्हणाला, गप्प राहिलो नव्हतो. त्या दिवशी तिच्याकडेच गेलो होतो. दोघांचं ठरलं होतं, बैठकीत तीच सांगणार. तिला स्वतःहून सांगायचं होतं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे, ताई? तू आकडे मागितलेस."

मी म्हटलं, मी नसते तर तू आज घरी बसला असतास. म्हणाला, हो. म्हटलं, माझं एक तरी गणित चुकलं का? म्हणाला, एकही नाही.

आणि बॅग भरायला लागला. नाट्यगृहामागे एक खोली बघून ठेवलीये म्हणे. कधी बघितली? म्हणे, अपघाताच्या आधी. सांगायला धीर होत नव्हता.

अपघाताच्या आधी. म्हणजे याचा होडीशी काही संबंधच नाही. जायचं होतंच त्याला. मी म्हटलं, जा. दार जोरात लावलं. मग उघडून त्याचा डबा दिला, कारण तो पुन्हा विसरला होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

काही नाही. नळ गळतो. शेजारचा रेडिओ मोठा. भात दोघांचा शिजवला, टाकून दिला.

२ मार्च, रविवार

काल पहिला प्रयोग झाला. मला पास आला होता, धाकट्याच्या अक्षरात. गेले. सगळ्यांत मागे बसले. होडी खाली होती, दोर स्पष्ट दिसत होते, त्याचं कुणाला काही पडलं नव्हतं. वादळाच्या प्रवेशात माझ्या पुढच्या बाईने नवऱ्याचा हात घट्ट धरला. मीही श्वास रोखला होता, पण वेगळ्या कारणाने. शंभर किलोभार. शंभर. शंभर.

नाटक बरं आहे. नावाडी काकांइतका चांगला नाही.

संपल्यावर विंगेत गेले नाही. इतक्या लोकांसमोर भांडण नको.

९ मार्च, रविवार

आज सकाळी दारावर टकटक झाली. नेपथ्यकार. बारीक झाली आहे. मी तिला दारातच उभं केलं. आत ये म्हणाले नाही, आणि ती आत आलीही नाही.

म्हणाली, काकांकडे गेले होते. आता आत जाते. पहिल्यांदा ते बोलले नाहीत. दुसऱ्यांदाही नाही. काल मात्र त्यांनी विचारलं, होडी कशाने पडली ते आता कळलं का तुला? ती म्हणाली, मी ओढल्यामुळे. काका म्हणाले, ते मला माहीत आहे, कशाने? तिला सांगता येईना. तीनशे त्रेसष्ट हा आकडा आठवत होता, पण तो कुठून येतो ते नाही.

"तुमच्या भावाने दोनदा समजावलं," ती म्हणाली. "त्याला समजावता येत नाही."

नाहीच येत. हाताने करतो आणि तोंडाने गोंधळतो. लहानपणापासूनचंच आहे.

मी म्हटलं, तुझ्यामुळे एक माणूस जन्मभर लंगडणार आहे आणि तू माझ्याकडे शिकवणीला आलीस? ती हो म्हणाली. डोळ्यांत पाणी आणलं नाही, याचे मार्क तिला देते.

आत घेतलं. चहा दिला नाही. कोरा कागद समोर ठेवला आणि म्हटलं, काढ. तिने होडी काढली. सुंदर काढली, फळ्यांसकट, वल्ह्यांसकट. मी ती खोडली. म्हटलं, होडी नको. एक ठिपका काढ. त्यावर कोण कोण ओढतंय ते बाणांनी दाखव. तिने दोन बाण काढले. म्हटलं, तिसरा कुठाय? बराच वेळ बघत बसली. वजनच विसरली होती. नव्वद किलो होडी कुणाच्या तरी अंगावर पडली, आणि ही बाई वजन काढायला विसरते. मी इतकी ओरडले की शेजारच्यांनी रेडिओ बंद केला.

तिने तिसरा बाण काढला, खाली. मग तिरका बाण तोडून उभा आणि आडवा केला. तिथे पुन्हा चुकली. पुन्हा ओरडले. चौथ्यांदा बरोबर आलं. खाली उतरवली होडी, शंभर आले. वर नेली, तीनशे त्रेसष्ट आले. या वेळी तिचे तिने काढले. पेन ठेवून ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तोंडावर हात घेतला. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासत उभी राहिले.

जाताना विचारलं, तो वेळेवर जेवतो का? म्हणाली, जेवतो, पण त्याला स्वयंपाक जमत नाही आणि मलाही नाही. ते तर दिसतंच आहे.

पुढच्या रविवारी नऊला ये म्हटलं. अजून झोका व्हायचा आहे, झुलताना ताण किती वाढतो ते. उशीर केलास तर दार उघडणार नाही. आणि इथे आली होतीस हे त्याला सांगायचं नाही, असं दोनदा बजावलं. सांगेलच. या असल्या लोकांच्या पोटात काही राहत नाही.